परत लागलेली सिगारेट पुन्हा सोडताना: आधी पंचनामा, मग तारीख

सिगारेट सोडून सात महिने उलटून गेले होते. गावच्या जत्रेहून परत येताना हायवेवर कराडच्या अलीकडे एका टपरीपाशी आम्ही गाडी थांबवली. वळवाची एक सर नुकतीच पडून गेली होती. मावसभावाने दोन चहा सांगितले, खिशातून पाकीट काढलं आणि एक पेटवली. मी गरम ग्लास कडेला धरून त्याच्या शेजारी उभा. टेन्शन काही नव्हतं, कुणाशी भांडण नव्हतं, झोपही चांगली झाली होती. मी म्हटलं, "एक झुरका दे रे." त्याने रस्त्याकडे बघतच सिगारेट माझ्याकडे सरकवली. डोकं गरगरलं, तोंड कडू झालं. मला वाटलं, बरं झालं, आता परत कधी इच्छाच व्हायची नाही. चौथ्या दिवशी ऑफिसखालच्या टपरीवर मी अख्खं पाकीट विकत घेतलं.

माझी सिगारेट परत सुरू होण्याची ही दुसरी वेळ. त्याआधी एकदा सोडली होती, तेव्हा पाचव्याच दिवशी परत लागली. तिसऱ्यांदा सोडली त्याला आता चार वर्षं झाली. तिसऱ्या खेपेला माझा निश्चय आधीपेक्षा मोठा होता असं मुळीच नाही, उलट थकवाच जास्त होता. फरक एवढाच की या वेळी मी त्या दोन सिगारेटींकडे नीट बघितलं आणि तेवढ्याच दोन जागी बंदोबस्त केला.

हा लेख सोडून परत लागलेल्यांसाठी आहे. सिगारेट वाईट हे तुम्हाला कुणी सांगायची गरज नाही. पाकिटावरचं ते चित्र तुम्ही रोज बघता. तुमच्याकडे जे आहे ते पहिल्यांदा सोडणाऱ्याकडे नसतं. आपली सिगारेट नेमकी कुठे सुटली आणि कुठे परत आली, हे तुम्हाला ठाऊक आहे. बिडी ओढत असाल तरी यातलं बहुतेक सगळं तसंच लागू पडतं.

आधी मनावरचं ओझं उतरवा

परत ओढायला लागल्यावर माणसाला सगळ्यात जास्त काय खात असेल तर लाज. घरच्यांना सांगितलेलं असतं, ऑफिसात कौतुक झालेलं असतं. मग लपून ओढणं सुरू होतं, बडीशेप, सेंट, गच्ची. या लपवाछपवीत सहा-आठ महिने सहज निघून जातात आणि पुढचा प्रयत्न लांबतो. माझे नऊ महिने असेच गेले, आणि मला त्यांची आजही हळहळ वाटते.

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात धूम्रपान करणाऱ्यांची वर्षानुवर्षं नोंद ठेवून एक अभ्यास झाला, तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. सिगारेट कायमची सुटेपर्यंत माणसाला किती प्रयत्न लागतात, याचा त्यातला अंदाज मोजायच्या पद्धतीनुसार सहापासून तीसपर्यंत आणि त्याहूनही वर गेला. औषध नाही, सल्ला नाही, नुसत्या निश्चयावर सोडणाऱ्यांपैकी सहा महिने ते वर्षभर टिकणारे शंभरात तीन ते पाच असतात, आणि परत ओढू लागणाऱ्यांपैकी बहुतेक जण पहिल्या आठवड्याभरातच लागतात. म्हणजे तुमच्या बाबतीत झालं ते बहुतेकांच्या बाबतीत होतं. निकोटिन झुरक्यासरशी दहा-वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतं, आणि मेंदू ही वाट लवकर विसरत नाही. यात स्वभावाचा कमकुवतपणा शोधू नका.

न ओढलेले दिवसही वाया जात नाहीत. ते पाच दिवस किंवा सात महिने तुम्ही जेवणानंतर, मीटिंगनंतर, भांडणानंतर न पेटवता राहिलात. ते तुम्हाला जमलेलं आहे.

एकच ओढली की रोजची सुरू झाली?

कालच्या लग्नात एक-दोन ओढल्या आणि आज हा लेख वाचताय, असं असेल तर नवी तारीख वगैरे ठरवत बसू नका. उरलेलं पाकीट आत्ता पाण्याखाली धरा आणि टाकून द्या. नुसतं कचऱ्यात टाकू नका, कारण रात्री अकरा वाजता डब्यातून काढलेली पाकिटं मी स्वतः बघितली आहेत. घरातल्या किंवा मित्रमंडळीतल्या एका माणसाला आजच सांगा. नेहमीच्या जागी, नेहमीच्या वेळी सिगारेट पुन्हा पेटत नाही तोवर तुमचं सोडणं मोडलेलं नाही. "आता मोडलंच आहे, तर आजचा दिवस ओढून घेऊ" हा विचार त्या एका सिगारेटपेक्षा घातक आहे. ॲलन मार्लाट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने व्यसन परत का लागतं यावर आयुष्यभर काम केलं. त्यांच्या मांडणीतलाही हा एक मुख्य मुद्दा आहे: घसरण्याने होतं त्याहून जास्त नुकसान, घसरल्यावर माणूस स्वतःला जे म्हणतो त्याने होतं.

रोजची सुरू झाली असेल, तर पुढे वाचा.

त्या एका सिगारेटचा पंचनामा

एक वही घ्या. सोडल्यानंतरची पहिली सिगारेट आठवा. दुसरी-तिसरी नको, पहिलीच. पोलीस जसे जागेचा पंचनामा करतात तसं लिहा: वार कोणता, किती वाजले होते, कुठे उभे होतात की बसला होतात, बरोबर कोण होतं, हातात काय होतं, पोटात काय होतं. सिगारेट कुणाची होती? विकत घेतली, मागितली, की कुणी पुढे केली? त्याआधीच्या तासाभरात काय झालं? पेटवण्याआधी मनात कोणतं वाक्य आलं? आणि त्यानंतरची दुसरी सिगारेट किती वेळाने, कुठे?

"का" हा प्रश्न मुद्दाम लिहू नका. "का" म्हटलं की आपण "टेन्शन होतं" असं लिहून मोकळे होतो. टेन्शन रोजच असतं, सिगारेट मात्र त्याच दिवशी पेटली.

माझ्या वहीत पहिल्या खेपेची नोंद अशी आहे: "मंगळवार, सकाळी ७:४०. बाल्कनी. पाचवा दिवस. रात्री तीनदा जाग. मुलीने दप्तर शोधायला वेळ लावला म्हणून ओरडलो. निकोटिनचं च्युइंगम खाऊन घसा जळतोय, उचक्या. चहा हातात. वाक्य: असं वागण्यापेक्षा ओढलेली बरी. खाली जाऊन सुटी एक घेतली." दुसऱ्या खेपेची हायवेवरची. वाक्य: "आता आपल्याला काही होत नाही."

दोन्ही शेजारी ठेवल्यावर दिसलं की हे आजारच वेगळे आहेत. पहिल्या वेळी शरीर निकोटिन मागत होतं आणि माझं औषध चुकत होतं. दुसऱ्या वेळी शरीराला काहीच नको होतं, पहारा सैल झाला होता. फक्त चहा आणि टपरी दोन्हीकडे होतेच.

तुमची पहिली सिगारेट पहिल्या तीन-चार आठवड्यांत पेटली असेल तर पुढचा औषधांचा भाग सावकाश वाचा. दोन-तीन महिन्यांनंतर पेटली असेल तर टपरीचा आणि तीन महिन्यांनंतरचा भाग तुमच्यासाठी जास्त कामाचा आहे. दारू पिताना पेटली असेल तर त्याबद्दलही खाली आहे.

लवकर परत लागली असेल: औषध, आणि ते घ्यायची रीत

पंचनामा केलेल्या बऱ्याच जणांशी मी बोललो आहे. "च्युइंगम घेऊन बघितलं, काही उपयोग नाही" असं म्हणणाऱ्यांपैकी जवळजवळ सगळे ते साध्या च्युइंगमसारखं चघळत होते. मीही तेच करत होतो.

निकोटिनचं च्युइंगम चघळत राहायचं नसतं. आठ-दहा वेळा हळू चावायचं, मिरी चावल्यासारखी झणझण जाणवली की थांबायचं आणि गाल व हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचं. निकोटिन तिथल्या पातळ त्वचेतून रक्तात जातं. मिनिटभराने झणझण कमी झाली की परत दोन-चार वेळा चावायचं, दुसऱ्या बाजूला ठेवायचं. एक तुकडा अर्धा तास पुरतो. भराभर चघळलं तर निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं: घसा जळतो, उचक्या लागतात, मळमळतं, आणि तलफ तशीच राहते. आणखी एक, जे मला औषधाच्या दुकानात कुणी सांगितलं नव्हतं: च्युइंगम घेण्याआधी पंधरा मिनिटं आणि ते तोंडात असताना चहा, कॉफी, सरबत, कोल्ड्रिंक नको. तोंडात आम्लपणा असला की निकोटिन शोषलंच जात नाही. मी सकाळच्या चहाबरोबर घेत होतो, म्हणजे ते पैसे अक्षरशः थुंकत होतो.

आता मात्रा. एक साधी खूण आहे: सकाळी उठल्यावर पहिली सिगारेट अर्ध्या तासाच्या आत लागते का? लागत असेल तर २ मिलिग्रॅम बहुधा पुरत नाही, ४ मिलिग्रॅमचं लागतं. त्यासाठी डॉक्टरांकडे जा. अर्ध्या तासानंतर लागत असेल तर २ मिलिग्रॅमचं चालतं. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, तलफेची वाट न बघता. दुसरी मोठी चूक इथेच होते. लोक तलफ अनावर झाल्यावर दिवसातून दोन-तीन तुकडे खातात. वीस सिगारेटी सोडलेल्या माणसाला तीन तुकड्यांनी काय होणार? सहा आठवड्यांनंतर अंतर वाढवायचं, आणि तीन महिन्यांत हळूहळू बंद. दिवसाला २४ तुकड्यांच्या वर जायचं नाही.

दिवसाला दहाहून जास्त ओढत असाल तर निकोटिनच्या पट्टीबद्दल डॉक्टरांना विचारा. रोज सकाळी दंडावर किंवा छातीवर, केस नसलेल्या कोरड्या जागी एक पट्टी, रोज जागा बदलून. नेहमीचा क्रम सहा आठवडे २१ मिलिग्रॅम, मग दोन आठवडे १४, मग दोन आठवडे ७. पट्टी दिवसभर संथपणे निकोटिन देत राहते, आणि अचानक येणाऱ्या तलफेसाठी वर च्युइंगम. दोन्ही मिळून घेतलेलं एकट्या कुठल्याही एकापेक्षा जास्त लागू पडतं, हे अनेक चाचण्यांतून दिसलं आहे. रात्री विचित्र स्वप्नं पडायला लागली तर झोपताना पट्टी काढून ठेवा.

हे निकोटिनच आहे, मग फायदा काय, असं मलाही वाटायचं. तलफ निकोटिन लावतं. फुप्फुसं, रक्तवाहिन्या आणि कॅन्सर ही कामं मुख्यतः धुराची: डांबर, कार्बन मोनॉक्साइड आणि जळण्यातून तयार होणारी बाकीची शेकडो रसायनं. च्युइंगममध्ये धूर नाही, आणि झुरक्यासारखा दहा सेकंदांत मेंदूला बसणारा तडाखाही नाही.

गोळ्याही आहेत, पण त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच. व्हॅरेनिक्लिन सोडायच्या तारखेच्या आठवडाभर आधी सुरू करतात: पहिले तीन दिवस ०.५ मिलिग्रॅम एकदा, पुढचे चार दिवस दोनदा, मग १ मिलिग्रॅम दोनदा, एकूण बारा आठवडे. ती घेतलेली असताना सिगारेट ओढली तरी पूर्वीसारखी मजा येत नाही. मळमळ होते, म्हणून जेवणानंतर आणि पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची. या गोळीने मनावर वाईट परिणाम होतो अशी भीती बरीच वर्षं होती. २०१६ साली आठ हजारांवर लोकांवरची एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात व्हॅरेनिक्लिन घेणाऱ्यांना असे त्रास लक्षात येण्याइतके जास्त झाल्याचं दिसलं नाही. ब्युप्रोपिऑन हे दुसरं औषध. ज्यांना फिट येतात किंवा आल्या आहेत त्यांना ते चालत नाही.

गरोदर असाल, नुकताच हार्ट ॲटॅक येऊन गेला असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल तर यातलं काहीही स्वतःच्या मनाने सुरू करू नका. मधुमेहाची किंवा मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर सिगारेट सोडतोय हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. धुरामुळे यकृत काही औषधं लवकर संपवतं. धूर थांबला की तेवढ्याच गोळीची मात्रा अंगात वाढू शकते.

डॉक्टरांकडे जायला संकोच वाटत असेल तर फोन करा. तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-११-२३५६, मोफत. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये ती २०१६ साली सुरू झाली, पुढे मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्येही तिचं केंद्र झालं, आणि मराठीतून बोलता येतं. तुमच्या खिशातल्या पाकिटावरही हाच नंबर छापलेला आहे. ते तारीख ठरवायला लावतात आणि नंतर आपणहून फोन करून विचारपूस करतात. परत लागली होती हे पहिल्याच वाक्यात सांगा. तिथल्या लोकांना ते नवीन नाही.

तारीख आणि आधीचा आठवडा

आठ ते चौदा दिवसांच्या आतली तारीख घ्या. एक जानेवारी, वाढदिवस, गुढीपाडवा यांची वाट बघू नका. एरवीचा मंगळवार चालतो. हळूहळू कमी करत जाऊ, असं वाटत असेल तर हेही लक्षात घ्या: २०१६ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत एका गटाने ठरल्या दिवशी एकदम बंद केली आणि दुसऱ्याने दोन आठवडे कमी करत नेली. चार आठवड्यांनी एकदम बंद करणाऱ्यांपैकी ४९ टक्के टिकले होते, हळूहळूवाल्यांपैकी ३९ टक्के. मागच्या वेळी तुम्ही कमी करत गेला होतात आणि दोन-तीनवर येऊन अडकला होतात, तर या वेळी एकदम.

या आठवड्यात एवढंच करा. प्रत्येक सिगारेट पेटवण्याआधी वहीत वेळ आणि जागा लिहा. माझ्या बारा सिगारेटींपैकी सात चहाबरोबरच्या निघाल्या. तेव्हा माझी सिगारेट सतरा रुपयांना होती, म्हणजे दिवसाला दोनशे चार रुपये, महिन्याला सहा हजारांवर. तो आकडा बघून काही सुटत नाही, पण औषध महाग वाटतं तेव्हा कामाला येतो.

आदल्या रात्री घर तपासा. नुसतं पाकीट नाही: हिवाळी जॅकेटचा खिसा, गाडीचा डॅशबोर्ड, ऑफिस बॅगेचा मागचा कप्पा, देव्हाऱ्याजवळची जास्तीची काडेपेटी, लायटर. पडदे आणि उशीचे अभ्रे धुवायला काढा.

टपरी

आपल्याकडे सिगारेट सुटत नाही याचं मोठं कारण मला टपरी वाटतं. सुट्या सिगारेटी आणि बिड्या विकायला महाराष्ट्रात २०२० पासून बंदी आहे, पण ती कागदावर. कुठल्याही नाक्यावर एक सिगारेट, एक चहा आणि एक दोरीला बांधलेला लायटर मिळतो. पाकीट घ्यायचं तर माणूस दोन क्षण थांबतो. सुटी घ्यायला कुणी थांबत नाही.

शिवाय टपरी म्हणजे माणसं. ऑफिसातले खरे निरोप तिथेच मिळतात, कुणाची बदली, कुणाचं बाळंतपण. "टपरीवर जाऊ नका" हा सल्ला म्हणजे "मित्र सोडा" असं सांगण्यासारखंच आहे, म्हणून तो टिकत नाही. मी पहिले तीन आठवडे गेलो नाही, एवढंच. दोन जवळच्या मित्रांना सांगून ठेवलं की त्या तीन आठवड्यांत आपण कँटीनमध्ये भेटू.

आणि मी टपरीवाल्याला सांगितलं. हे करताना फार अवघडल्यासारखं झालं. माझी उधारी होती. ती चुकती केली आणि म्हटलं, "मामा, सोडतोय. मी मागितली तरी देऊ नका." त्यांनी वहीतल्या माझ्या नावावर आडवी रेघ मारली. पुढे दहाव्या दिवशी मी खरंच गेलो होतो. त्यांनी माझ्यासमोर लिमलेटच्या दोन गोळ्या ठेवल्या आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. त्या दिवशी माझी सिगारेट त्यांच्यामुळे राहिली. तुमचा टपरीवाला असाच असेल असं नाही, पण विचारून बघा. निदान उधारी तरी बंद करा.

चहाचं वेगळं बघावं लागतं. सिगारेटच्या धुरामुळे शरीर कॅफिन लवकर बाहेर टाकतं. ओढणं थांबलं की तोच चहा-कॉफी अंगात जास्त वेळ राहते, कॅफिनचं प्रमाण जवळजवळ दुप्पट होतं. मग छातीत धडधड, हात थरथरणं, झोप उडणं. माणूस समजतो हे सिगारेट सोडल्यामुळे, आणि पेटवतो. पहिल्या दिवसापासून चहा-कॉफी निम्मी करा, दुपारी चारनंतर नको. ग्लासऐवजी कप, उभ्याने नाही तर बसून, उजव्याऐवजी डाव्या हाताने. हे क्षुल्लक वाटेल. पण सात महिन्यांनंतर हायवेवर मला सिगारेटची आठवण हातातल्या गरम ग्लासानेच करून दिली होती.

दारू घेत असाल तर पहिला महिना पूर्ण बंद ठेवा. दोन पेगनंतर कुठलंच ठरवलेलं राहत नाही.

पहिले तीन दिवस, पहिले तीन आठवडे

त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतो आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. चिडचिड, भूक, झोप मोडणं, लक्ष न लागणं, मन उदास होणं. काहींना खोकला वाढतो, तोंड येतं, बद्धकोष्ठ होतं. मागच्या वेळी तुम्हाला यातलं काय झालं होतं ते पंचनाम्यात असेल, त्याची तयारी आधी करा. मला चिडचिड व्हायची. म्हणून या वेळी मी घरी आधीच सांगितलं: "पंधरा दिवस मी चिडचिड करीन. ती तुमच्यावर नाही. आवाज चढला की मी खाली चक्कर मारून येईन." बायकोने मुलीचं सकाळचं दप्तर रात्रीच भरून ठेवायला सुरुवात केली. ७:४० ची ती सकाळ पुन्हा आली नाही.

तलफ लाटेसारखी येते. चढते, माथ्यावर जाते, उतरते. बहुतेक लाटा पाच-दहा मिनिटांच्या आत उतरतात. घड्याळ लावून बघा, कारण तलफेत असताना ती कधी संपणारच नाही असं वाटतं. तेवढ्या वेळात जागा बदलायची. बाल्कनीत असाल तर आत या, खुर्चीत असाल तर जिना उतरा, थंड पाणी घोट-घोट प्या, लवंग किंवा आवळकाठी तोंडात टाका. ज्याला सांगून ठेवलंय त्याला फोन लावा, आणि सिगारेटबद्दल बोलायलाच हवं असं नाही.

एक-दोन दिवसांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड उतरतो. दोन-तीन आठवड्यांत जिना चढताना फरक कळायला लागतो. मला तो दादरच्या पुलावर कळला, वर पोचल्यावर थांबावं लागलं नाही.

उदासी मात्र गंभीरपणे घ्या. दोन आठवड्यांनंतरही मन उठत नसेल, जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर वाट बघू नका. डॉक्टरांकडे जा किंवा टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा.

एकाच्या जागी दुसरं नको

हे मी महाराष्ट्रात इतक्या वेळा बघितलंय की वेगळं लिहायलाच हवं. सिगारेट सुटते आणि चुन्याबरोबर मळलेली तंबाखू सुरू होते. किंवा मावा. बायकांमध्ये मिश्री. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते, पण बिनधुराची तंबाखू खाणारे २४.४ टक्के. म्हणजे आजूबाजूला पुडी पुढे करणारा हात सिगारेटवाल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा भेटणार. तोंडाच्या कॅन्सरची वाट त्यातून सरळ जाते, आणि निकोटिनची सवय तशीच राहिल्यामुळे एखाद्या संध्याकाळी सिगारेटही परत येते. ई-सिगारेटवर भारतात २०१९ पासून बंदी आहे. चोरून मिळणाऱ्या उपकरणात काय भरलंय याची कुणालाच खात्री देता येत नाही, तेव्हा तो रस्ता धरू नका.

वजन वाढतं, हे खरं आहे. वर्षभरात सरासरी चार-पाच किलो. मागच्या वेळी त्यामुळे परत ओढायला लागला असाल तर सोडण्याबरोबरच कडक डाएट सुरू करू नका, दोन लढाया एकदम होत नाहीत. रोज अर्धा तास चाला, फरसाणाचा डबा डोळ्यांसमोरून हलवा, काकडी-गाजर चिरून ठेवा. वजनाकडे तीन महिन्यांनी बघू.

तीन महिन्यांनंतरचा धोका

इथून पुढे तलफ क्वचित येते, आणि येते तेव्हा तलफेसारखी वाटतही नाही. ती विचारासारखी येते: "आता आपल्या ताब्यात आहे", "वर्षातून एकदा काय होतं", "नुसता झुरका". माझ्या सात महिन्यांचं पाणी अशाच एका वाक्याने केलं. त्या वाक्याला उत्तर आधीच ठरवून ठेवा, कारण त्या क्षणी सुचत नाही. माझं उत्तर साधं आहे: "मला एक झुरका जमत नाही, मी करून बघितलंय." याच्यावर कुणी वाद घालत नाही, मावसभावानेही घातला नाही.

पुढच्या वर्षाचं कॅलेंडर काढा आणि धोक्याच्या जागांवर खूण करा. लग्नं, गणपतीतलं रात्रीचं जागरण, कॉलेजच्या मित्रांची गोव्याची ट्रिप, मार्चएंड, गावची जत्रा. प्रत्येकासमोर लिहा: कुठे बसणार, हातात काय असणार, कुणाला आधी सांगणार. मी जत्रेच्या प्रवासात आता मावसभावाबरोबर जातो, पण टपरीवर उतरत नाही. चहा गाडीत येतो. तो सिगारेट संपवून येईपर्यंत मी घरी फोन करून घेतो. खिशात च्युइंगमचे दोन तुकडे वर्षभर होते, वापरावे लागले एकदाच, एका अंत्ययात्रेहून परतताना.

दुःखाच्या प्रसंगांना कॅलेंडर नसतं. हॉस्पिटलबाहेरची टपरी रात्री दोनलाही उघडी असते आणि तिथे सिगारेट देणारा माणूस प्रेमानेच देतो. अशा वेळी "आज सोडून दे" असं स्वतःला म्हणावंसं वाटतं. म्हणून पाकिटात, म्हणजे पैशांच्या पाकिटात, एक घडी घातलेला कागद ठेवा. माझ्या कागदावर एवढंच आहे:

"ओढली असशील तर दुसरी नको. उरलेली पाण्यात टाक. बायकोला आजच सांग, उद्या नाही. च्युइंगम परत सुरू कर, दोन आठवडे. १८००-११-२३५६. रात्री वहीत लिही: वार, वेळ, जागा, कोण होतं, हातात काय होतं."